शालनताईंचा आवाज

शालनताईंचा आवाज वॉर्डाबाहेर, लिफ्टपर्यंत ऐकू यायचा. पंखा बंद पडला, धुऊन आलेली चादर ओली निघाली, एखाद्या बाळाची शीर दुसऱ्यांदा चुकली, की तो चढायचा. लिफ्टमधून उतरणारे नवे नातेवाईक दचकून वॉचमनला विचारायचे, "आत भांडण चाललंय का?" वॉचमन म्हणायचा, "नाही, सिस्टर ड्यूटीवर आल्यात."

मी लातूरकडची. नर्सिंगचा कोर्स करून इकडे आले आणि भोसरीजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात लागले. कंत्राटावर. शालनताई तिथं वीसेक वर्षं होत्या. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, रुंद हाडाची बाई. चष्म्याची एक काडी मोडलेली, ती दवाखान्यातल्याच पांढऱ्या चिकटपट्टीनं बांधलेली. माहेर चऱ्होलीचं, सासरही चऱ्होलीचंच. स्कूटी घेऊन दिघीमार्गे यायच्या, इतक्या हळू की सायकलवाले पुढे जात. घरची जमीन बिल्डरला गेली होती आणि त्याच जमिनीवरच्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. "आमच्या बाजरीच्या रानात आता लिफ्ट हाय," असं सांगायच्या, आणि लगेच, "ती बी बंद."

माझ्या पहिल्याच दिवशी पाच वर्षांची एक मुलगी आली, तापानं फणफणलेली. सुई हातात घेऊन मी तिला म्हटलं, "काही होणार नाही हं बाळा. मुंगी चावल्यासारखं वाटेल फक्त." सुई टोचताच ती किंचाळली, तिनं हात झटकला आणि चादरीवर रक्त सांडलं. शालनताईंनी मला दंडाला धरून औषधांच्या कपाटामागे नेलं.

"खोटं बोललीस तू तिच्याशी."

"घाबरू नये म्हणून म्हटलं, ताई."

"घाबरायचं ऱ्हायलं का? घाबरली ती घाबरलीच, वर तुझ्यावरचा इस्वास बी गेला. उद्या तू नुसती दारात हुबी राहिलीस तरी रडंल बघ."

मग त्या स्वतः जाऊन मुलीच्या पलंगावर बसल्या. सुई ट्रेमध्ये उघडी ठेवली, मुलीला दिसेल अशी. "हे बघ. टोचणार हाय. दुखणार हाय. मी धा आकडे म्हणायच्या आत संपणार हाय. रडायचं तर रड, हात तेवढा हलवू नगंस. कुठला हात देतीस?"

मुलीनं बराच वेळ विचार केला आणि डावा हात पुढे केला. आकडे आठावर असताना काम झालं. मुलगी रडली, पण रडतारडता तिनं विचारलं, "नऊ-दहा राहिले ना?" शालनताईंनी ते दोन आकडेही म्हटले.

वॉर्डात कुठल्याच आईला नाव नसतं. "सात नंबरची आई", "निमोनियाची आई", अशाच हाका मारल्या जातात. शालनताई आधी आईचं नाव विचारायच्या आणि मग त्याच नावानं बोलायच्या, एकेरीत, धाकट्या बहिणीशी बोलावं तसं. दुसरा प्रश्न ठरलेला: "जेवलीस का?" मुलाच्या उशाशी बसलेली बाई दोन-दोन दिवस जेवत नाही. तिला शालनताई हात धरून उठवायच्या. "आई उपाशी आसली की पोराला औषध लागत न्हाई. जा, दोन घास खाऊन ये. मी बसते हितं." आणि खरंच बसायच्या. पाच-दहा मिनिटं का होईना, स्टुलावर, मुलाच्या पायावर हात ठेवून. त्या वेळात मेट्रन आल्या तरी उठत नसत.

चाकणच्या कंपन्यांमध्ये कुठकुठून माणसं येतात. ओडिशाची, बिहारची, नांदेडची. प्रत्येक घरातल्या लेकराची बोली वेगळी. मूल वॉर्डात आल्याआल्या शालनताई आईकडून चार शब्द विचारून घ्यायच्या. पाण्याला काय म्हणतो, शूला काय म्हणतो, दुखतंय कसं सांगतो. चिकटपट्टीवर ते लिहून पलंगाच्या दांडीला लावायच्या. डॉक्टर हसायचे. पण एकदा तीन वर्षांचं एक पोर सकाळपासून एकच शब्द ओरडत होतं. सगळ्यांना वाटलं आईला हाक मारतंय. पट्टी वाचली तेव्हा कळलं, कान दुखतोय.

एकदा एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वडिलांच्या उघड्या छातीवर ठेवायचं होतं, ऊब मिळावी म्हणून. बाळंतीण दुसऱ्या दवाखान्यात होती. बाप लोखंडी पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये कामाला, बिहारचा. तो दारातच थांबला, आत येईना. उजवा हात खिशातून काढेना. शालनताईंनी तो हात ओढून बाहेर काढला. दोन बोटं मशिनमध्ये गेलेली.

"इससे पकडूंगा तो गिर जाएगा, दीदी," तो म्हणाला.

"काय न्हाई गिरता. तीन हैं ना? बच्चे को अभी गिनना नहीं आता. पकडो."

तो दोन तास बाळाला छातीशी धरून बसला होता. नाक पुसायलाही त्यानं हात सोडला नाही. त्याचं नाक शालनताईंनीच पुसलं.

अशी ती बाई. आता जे सांगायचं आहे ते प्रांजलचं.

प्रांजल आठ वर्षांची. तिसरीत होती. वडील संतोष चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, आई सुनीता घरी. परभणीकडची माणसं. दोन दिवस मुलीचे पाय लटपटत होते, तिसऱ्या दिवशी जिना चढताना बसली ती उठलीच नाही. नसांचा एक आजार असतो, तो पायांकडून वर चढत जातो. वॉर्डात आली तेव्हा तिला चमचा धरता येत नव्हता. दुसऱ्या दिवशी श्वास घेता येईना, म्हणून मशिनवर घेतली. घशात नळी, हात-पाय निश्चल, चेहराही हलेना. पापण्या तेवढ्या हळूहळू उघडमीट करायच्या.

संतोष काचेपलीकडून बघत होता. त्यानं मला विचारलं, "सिस्टर, लेकरू बेसुद्ध हाय का ओ?"

मी काही बोलायच्या आत शालनताईच म्हणाल्या, "न्हाई. समदं ऐकतीया ती. आत ये आन् बोल तिच्याशी."

या आजारात माणूस आतून पूर्ण जागा असतो हे आम्ही पुस्तकात वाचलेलं होतं. शालनताईंनी ते मनावर घेतलं होतं, एवढाच फरक. त्यांनी प्रांजलच्या तोंडाशी वाकून सांगितलं, "हो म्हणायचं आसंल तर येकदा डोळा मीट. न्हाई म्हणायचं आसंल तर दोनदा. मला घाई न्हाई." मग सुरू झालं. पाणी? दोनदा. आई? दोनदा. कूस बदलू? दोनदा. पाय? हात? पाठ? दोनदा, दोनदा. वीस मिनिटं शालनताई अंगाचा एकेक भाग म्हणत गेल्या. "नाक?" पापणी एकदा मिटली आणि मिटलेलीच राहिली. नाकाला खाज सुटली होती. कधीपासून, देव जाणे. शालनताईंनी ओल्या कापसानं हळू नाक खाजवलं, तेव्हा पोरीच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात गेलं.

त्यानंतर दर तासाला "नाक?" हा पहिला प्रश्न. सुनीतालाही त्यांनी हे डोळ्यांचं बोलणं शिकवलं. पहिल्या दिवशी सुनीताला जमेना. प्रश्न विचारायची आणि उत्तराआधीच रडायची. शालनताई म्हणाल्या, "सुनीता, तू रडलीस की तिला दिसत न्हाई तुझं तोंड, नुसता पदर दिसतो. तोंड दाखव तिला." तेव्हापासून सुनीता बाहेर जाऊन रडून यायची.

शालनताई तिला त्यांच्या म्हशीच्या गोष्टी सांगायच्या. ती म्हैस एकदा बँकेत शिरली होती म्हणे. कधीकधी प्रांजल गोष्ट सुरू होताच दोनदा डोळे मिटायची. "झाली का सांगून? बरं, दुसरी." आठव्या-नवव्या दिवशी तर ती पोर शालनताईंच्या बुटांचा आवाज आला की डोळे दाराकडे वळवायची.

सकाळी राऊंडला एक तरुण डॉक्टर यायचे. हुशार होते, पण सतत घाईत. त्यांनी एक दिवस प्रांजलच्या पलंगाशी उभं राहून शिकाऊ डॉक्टरांना सांगितलं, "अशा केसमध्ये मशिनवरून निघेलच असं नाही. काही जातातही." इंग्रजीत सांगितलं, पण शेवटचं वाक्य मराठीत होतं. प्रांजलचे डोळे छताला खिळले.

शालनताईंचा आवाज त्या दिवशी लिफ्टच्याही पलीकडे गेला असेल. "पोरगी जागी हाय! तिच्या डोक्यावर हुबं राहून तिचं मराण बोलताय? भाईर चला, भाईर बोला काय बोलायचं ते!" शिकाऊ मुलं भिंतीला टेकली. डॉक्टर लाल झाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मेमो आला. रुग्णासमोर डॉक्टरांशी उद्धट वर्तन. पुन्हा तसं घडल्यास कारवाई. मेट्रननी तो वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "शालन, तुझी दोन वर्षं राहिलीत. आवाज सांभाळ." शालनताईंनी सही केली. त्यानंतर वॉर्ड शांत झाला. एवढा शांत की आयांना चुकल्यासारखं वाटायला लागलं. वॉचमननं मला विचारलं, "सिस्टर रजेवर आहेत का?"

मेमोनंतर चार-पाच दिवसांनी प्रांजलनं खांदा हलवला. नीट बघितलं नसतं तर कळलंही नसतं, इतकाच. पण सुनीतानं पाहिलं, शालनताईंनी पाहिलं. मोठे डॉक्टर आले, म्हणाले, चांगलं लक्षण आहे, उतार पडायला लागला. संतोष पेढे घेऊन आला. शालनताईंनी घेतला नाही. "नळी निघू दे, मग खाईन," म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी म्हशीची गोष्ट दोनदा सांगितली.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आमची दोघींची सकाळची शिफ्ट होती.

मशिनवरच्या मुलांच्या नळीत कफ साचतो. तो बारीक नळी घालून ओढून काढावा लागतो. नाही काढला तर श्वास कोंडतो. सकाळी नऊ वाजता शालनताईंनी तो काढला तेव्हा मॉनिटरवरचा नाडीचा आकडा एकशे तीसवरून पंचावन्नला आला. क्षणभरच, मग वर गेला. शालनताईंनी त्याच तरुण डॉक्टरांना गाठलं. मी शेजारीच होते. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर, कफ काढताना नाडी पडतीया."

"या आजारात होतं तसं, सिस्टर. लक्ष ठेवा."

त्यांनी फाईलमध्ये वेळ घालून लिहिलं. अकरा वाजता पुन्हा तेच. या वेळी चाळीस. वर यायला वेळ लागला. त्या पुन्हा गेल्या. "सर, या टायमाला चाळीस झाली. येकदा बघून जाता का? मोठ्या सरांना विचारू का?"

"मी येतोय ना. दोन नव्या ॲडमिशन आहेत. आलो."

शालनताई तिथंच उभ्या राहिल्या. त्यांचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता. पण त्यांनी तोंड मिटलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मंगल, मोठ्या सरांना फोन लाव. चाळीस झाली म्हणून सांग."

मी फोन लावला. मोठे डॉक्टर त्या वेळी त्यांच्या स्वतःच्या क्लिनिकमध्ये असायचे. तिथल्या बाईंनी उचलला. म्हणाल्या, सर पेशंट बघतायत, अर्ध्या तासानं करा. मी शालनताईंना तेच सांगितलं. मग त्या दोन नव्या ॲडमिशन माझ्याच वाट्याला आल्या. एका बाळाला झटके येत होते. अर्धा तास कधी उलटला ते मला कळलं नाही. मी पुन्हा फोन केला नाही.

दोन वाजता शिफ्ट संपली. शालनताई गेल्या नाहीत. "हिची नाडी कुनाला सोपवून मी जायची न्हाई," एवढंच म्हणाल्या. म्हणून मीही रेंगाळले. सुनीतानं आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. ओठ पांढरे पडले होते. शालनताईंनी तिला उठवलं. "जा सुनीता, दोन घास खाऊन ये. मी हाय हितं."

सुनीता खाली कँटीनला गेली.

अडीचच्या सुमारास नळीतून घरघर यायला लागली. मशीन वाजायला लागलं. कफ काढल्यावाचून गत्यंतर नव्हतं. शालनताई प्रांजलच्या डोळ्यांसमोर वाकल्या. "नळी साफ करते. ठसका लागंल. धा म्हणायच्या आत झालं बघ. करू?" पापणी एकदा मिटली. शालनताई मोजायला लागल्या. सहापर्यंत आल्या होत्या.

आकडा तीसवर आला, मग वीसवर, मग रेघ सपाट झाली. शालनताईंनी हाक मारली ती अख्ख्या मजल्यानं ऐकली. सगळे धावले. तरुण डॉक्टर धावले, औषधं गेली, छाती दाबणं सुरू झालं. शालनताईच दाबत होत्या, हात बदलायला तयार नव्हत्या. पाऊण तास.

सुनीता वर आली तेव्हा दार बंद होतं. मी ते उघडलं. ती धावत आली असावी. हात धुतलेला नव्हता. बोटांना वरणभात होता.

चार दिवसांनी कार्यालयातून शालनताईंना बोलावणं आलं. फाईलमधलं त्या दिवसाचं पान खराब दिसतंय, पुन्हा स्वच्छ लिहून द्या. खराब काहीच नव्हतं. फक्त त्यात नऊ आणि अकराच्या नोंदी होत्या, "डॉक्टरांना सांगितले" असं दोनदा. शालनताईंनी पान हातात घेतलं, बघितलं, परत ठेवलं. "स्वच्छच हाय की," म्हणाल्या.

दहाव्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "चल माझ्यासंगं. चाकणला जायचंय." मी का विचारलं नाही. मला कळलं होतं. जाऊ नका म्हणून सांगायचं धैर्यही मला झालं नाही.

स्कूटीवरून मोशी ओलांडून गेलो. दोन्ही बाजूंनी कंटेनर. महाळुंगे रस्त्याच्या आतल्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांची रांग होती, त्यातली चौथी यांची. संतोष पहिली पाळी करून नुकताच आलेला, अंगात कंपनीचा शर्ट. सुनीता भिंतीला टेकून बसली होती. खुंटीला शाळेचं दप्तर तसंच होतं. आम्हाला बघून संतोष उठला, चटई टाकली. "या ना ताई. तुमी लई केलंत ओ लेकराचं."

शालनताई चटईवर बसल्या नाहीत. फरशीवर बसल्या. "संतोष, मी काय केलं तेच सांगाया आलीया."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. नऊ वाजताचं, अकरा वाजताचं, नाडीचे आकडे, कोणाला काय सांगितलं, काय उत्तर मिळालं. कुणाचं नाव वाईट शब्दानं घेतलं नाही. फोनचं सांगताना म्हणाल्या, "मोठ्या सरांना फोन केला, ते भेटलं न्हाईत." माझ्याकडे बघितलंही नाही. शेवटी म्हणाल्या, "येळेवर कुनी आलं असतं तर वाचली असती का, ते मला ठावं न्हाई. कदाचित न्हाई. पर आलं न्हाई कुनी, हे खरं हाय. तुमाला कळाया पायजे."

संतोष चिडेल, अंगावर येईल असं मला वाटत होतं. तो अगदी हळू बोलला.

"म्हंजी तुमाला ठाव होतं, ताई."

"व्हय."

"मग तुमी वरडल्या का न्हाईत ओ? पंख्यासाठी वरडायच्या तुमी. चादरीसाठी वरडायच्या. पार लिफ्टपासून ऐकू यायचं. माझ्या लेकरासाठीच का वरडल्या न्हाईत?"

मी शालनताईंकडे पाहिलं. मेमोचं सांगा, मनात म्हणत होते. सांगा ना, की तोंड बंद केलं होतं तुमचं. आणि तेही याच पोरीसाठी ओरडला होतात म्हणून. त्यांनी सांगितलं नाही. "चुकलं माझं," म्हणाल्या.

सुनीता समोरच्या भिंतीकडेच बघत म्हणाली, "तुमी मला जेवाया धाडलं."

शालनताई फरशीला हात टेकून उठल्या. सुनीताजवळ गेल्या, वाकल्या, हात पुढे केला आणि मागे घेतला. त्या बाईनं शेकडो आयांच्या पाठीवर हात ठेवलेला मी पाहिला होता. या पाठीवर त्यांना ठेवता आला नाही.

परतताना मोशीच्या अलीकडे त्यांनी स्कूटी रस्त्याकडेला घेतली. उतरल्या, किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव. माझं हात ऐकंनात." मागे बसल्यावर त्यांनी माझा खांदा धरला. चऱ्होलीचा फाटा येईपर्यंत ती पकड तशीच होती. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना मला तिथं वळ दिसले.

संतोषनं अर्ज दिला. दवाखान्यानं आपल्याच तीन माणसांची समिती नेमली. शालनताईंनी जे होतं ते सांगितलं, फाईलमधलं पान दाखवलं. समितीनं विचारलं, डॉक्टरांना तोंडी सांगितलंत याला साक्षीदार कोण? त्यांनी माझं नाव घेतलं.

मला बोलावण्याच्या आदल्या दिवशी मेट्रन म्हणाल्या, "मंगल, पुढच्या यादीत तुझं नाव पर्मनंटला आहे. विचार करून बोल." धमकी दिली असं म्हणता येणार नाही. त्या आवाजात काळजीच होती, आणि म्हणून ते जास्त लागलं. समितीसमोर मी बसले. अध्यक्षांनी विचारलं, "अकरा वाजता सिस्टरांनी डॉक्टरांना सांगितलेलं तुम्ही ऐकलंत का? तुम्हाला मोठ्या सरांना फोन करायला सांगितलं होतं का?"

मी म्हटलं, "त्या दिवशी फार गर्दी होती, सर. मला नीट आठवत नाही."

अहवाल आला. उपचार योग्य होते. आजारच गंभीर होता. परिचारिकेनं नातेवाइकांना परस्पर जाऊन माहिती दिली, हे शिस्तीला धरून नाही. तरुण डॉक्टर तोवर पुढच्या शिक्षणाला निघून गेले होते. संतोष दोन-तीनदा चकरा मारून गेला, मग यायचा थांबला. एकदा चाकणला जाऊन मी त्यांची खोली पाहिली. तिथं दुसरं कुटुंब होतं. गावाकडे गेले की दुसऱ्या कंपनीत, शेजाऱ्यांना सांगता आलं नाही.

शालनताईंची बदली तळमजल्यावर झाली, चादरी-कपड्यांच्या खोलीत. तिथं रुग्ण नाहीत, मुलं नाहीत. धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या, वॉर्डावॉर्डाला द्यायच्या. मी पर्मनंट झाले. वॉर्डात आता नवी पोरं-पोरी येतात, मी त्यांना शिकवते. मुलांशी खोटं बोलू नका असंही शिकवते. ते शिकवताना माझा आवाज कधीकधी मलाच ऐकवत नाही.

वर्षभर मी खाली गेले नाही. चादरी आणायला मावशींना धाडायची. मग एका दुपारी मावशी रजेवर होत्या आणि मला जावं लागलं.

खोलीला एकच खिडकी, तीही गाड्या लावायच्या जागेकडे उघडणारी. शालनताई टेबलापाशी उभ्या होत्या. बारीक झाल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये पोरी," जणू काल भेटलो होतो.

मी दारातच उभी राहिले. वर्षभर मनात घोळलेलं बोलायचं होतं, ते सगळं गेलं. एवढंच निघालं, "ताई, मला सगळं आठवत होतं."

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. राग नव्हता. माफ केलं असंही नव्हतं. दमलेल्या माणसानं वेळ सांगावी तसं म्हणाल्या. मग कोपऱ्यातल्या एका गठ्ठ्याकडे हात केला. "पोरांच्या वॉर्डाचा तो. जुन्या चादरी निवडून ठिवल्यात, मऊ हायेत. नव्या टोचत्यात त्यांना."

मी गठ्ठा उचलला. दोन्ही हात भरले.

दाराशी वळून पाहिलं. मोठ्यांच्या पलंगाची चादर होती ती, लांबच लांब. तसल्या चादरीची घडी घालायला समोर दुसरं माणूस लागतं. शालनताईंनी तिचं एक टोक हनुवटीखाली दाबून धरलं होतं आणि दोन्ही हात ताणून उरलेलं जमवत होत्या. मध्येच ती निसटली, जमिनीवर आली. त्यांनी वाकून उचलली, झटकली, पुन्हा टोक हनुवटीखाली धरलं.

गठ्ठा खाली ठेवून मला दुसरी बाजू धरता आली असती. वर मुलं वाट बघतायत, असं मी स्वतःला सांगितलं आणि जिना चढून गेले. महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. कधी सोडली तेही मला नंतर कळलं.